तिसरी पकड

भुईवर घेतलेल्या माणसाला पुन्हा खाटेवर निजवत नाहीत. शिवलकरांच्या घरात हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं; ते श्वासाबरोबर आलेलं होतं. म्हणून परवा दुपारपासून गंगाराम शिवलकर, घरातले आप्पा, मधल्या खोलीत घोंगडीवर उताणे पडून होते, आणि त्यांच्याभोवती सारं घर दबक्या पावलांनी फिरत होतं.

परवा जेवणवेळेला त्यांचा श्वास अडकला, नखं निळी पडली. थोरला मुलगा शिवा म्हणाला, खाली घ्या. आणि त्यांना खाली घेतलं गेलं. त्याच्या बायकोने, दर्शनाने, सासऱ्यांच्या ओठांवर तुळशीचं पान ठेवून चमच्याने पाणी सोडलं. पाणी गालावरून ओघळलं. आणि मग आप्पांनी डोळे उघडले. पान जिभेने बाहेर ढकललं आणि दात मिटून घेतले. त्या दातांतून तेव्हापासून एक थेंब आत गेलेला नव्हता. सलाईनची सुई त्यांनी दोनदा उपटली. आज सकाळी पडवीत चपला घालता घालता डॉक्टर म्हणाले होते, की उद्यापर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर पुढचं आपल्या हातात नाही.

बाहेर ओहोटी लागली होती. आरे-वारेच्या बाजूने येणारी समुद्राची गाज दुपारभर मागे मागे सरकत गेली होती, आणि तिने मोकळ्या केलेल्या जागेत आता दुसराच एक आवाज स्वच्छ ऐकू येत होता. ठक. ठक. ठक. आप्पांच्या उजव्या हाताचं मधलं बोट भुईवर वाजत होतं. तीन ठोके, मग दीर्घ शांतता, मग पुन्हा तीन. दर्शना स्वयंपाकघरात भांडं ठेवताना थबकायची. त्या शांततेत कुणीतरी उत्तर द्यायचं राहून गेलंय, असं तिला दर वेळी वाटायचं.

"तू कोण रे ठरवणारा, त्यांचं संपलं म्हणून?"

ही राजश्री. भावंडांत सगळ्यांत मोठी. मंडणगडहून सकाळच्या एसटीने निघून आत्ताच पोचली होती आणि बॅग अजून खांद्यावरून उतरवली नव्हती.

"श्वास नव्हता, ताई," शिवा म्हणाला. "तू इथं नव्हतीस. कोणच नव्हतं."

"मी फोनवर होतो," धाकटा गौरव दारातूनच बोलला. त्याची बोट परवाच मुंबईला लागली होती; काल तो घरी पोचला होता. "तुला बोललो, अँब्युलन्स बोलव. तू घोंगडी शोधत होतास."

"बोटीच्या डेकवर उभं राहून अँब्युलन्स बोलवायला काय जातं रे तुझं?"

"आणि चिरेखाणीवरचा मुकादम बोलवून बापाला खाली उतरवायला तुझं काय जातं?"

दर्शना मध्ये पडली नाही. तीन भावंडं खोलीच्या तीन बाजूंना उभी होती, चुलीच्या तीन दगडांसारखी, आणि मध्ये जे होतं त्याला ऊब मात्र नव्हती.

"मग उचला ना," ती शेवटी म्हणाली. "काल संध्याकाळी दोघांनी उचलून बघितलंत की. वन्सं, ह्यांना विचारा काय झालं ते."

शिवाने तोंड फिरवलं. गौरवने खाली बघितलं.

"चाळीस किलोचा माणूस," दर्शनाच सांगू लागली, "ह्यांनी खांद्याखाली हात घातला, गौरवभाऊजींनी पाय धरले. हलले नाहीत. घोंगडीची सुरकुतीसुद्धा मोडली नाही. आणि उचलायचं सोडल्यावर आप्पा काय बोलले, सांगू? बोलले, 'असं नव्हे.' दोनदा बोलले."

राजश्रीने बॅग खाली ठेवली.

"म्हणून मी सदूकाकांना बोलावलंय," दर्शना म्हणाली.

"लॉजवाले?" शिवा उसळला. "अगो, ते खूळ बंद होऊन पंचवीस वर्षं झाली!"

"तुमच्यासाठी बंद झालं. हे ठोके कसले आहेत, ते तुम्ही तरी सांगा मग."

दीपगृहाच्या रस्त्याला एक बिनखिडक्यांची इमारत होती, तेच लॉज: एका गुप्त मंडळाची बैठकीची जागा. गावाने तिला भुताची कोठी असं नाव ठेवलं होतं. महिन्यातून एकदा काळा सूट घालून, चपट्या पिशवीत कमरेला बांधायचं कातड्याचं छोटं पेशबंद घेऊन आप्पा तिथे जायचे. वकील, डॉक्टर, बंदरावरचे साहेब असे सगळे तिथे स्वतःला गवंडी म्हणवत. दगडाला खरोखर हात लावलेला त्यांच्यातला एकटा माणूस म्हणजे हातखंब्याच्या माळावर चिरे कापून वर आलेला गंगाराम शिवलकर. तिथे काय चालतं, हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. ती विचारत विचारतच गेली. माणसं संपत गेली तशी कोठी मिटली. त्या मंडळींतले आता दोघेच उरले होते: एक घोंगडीवर, आणि एक रिक्षातून उतरून काठी टेकत पडवीची पायरी चढणारा.

सदानंद ठाकूरदेसाई उंबऱ्याशी आले आणि तिथेच थांबले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग हळूहळू उडाला.

"ह्यांना असं कोणी ठेवलं?"

"असं म्हणजे?" शिवाने विचारलं.

"पाय पूर्वेला. डावा हात अंगालगत. उजवा मोकळा." त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली. "कोणी सांगितलं तुम्हाला असं ठेवायला?"

"खोली अरुंद आहे, काका. दुसरं कसं मावणार?"

ठक. ठक. ठक.

सदूकाकांची काठी आपोआप उचलली गेली. त्यांनी ती भुईला लागू दिली नाही. छातीशी धरून ठेवली.

*

राजश्रीने त्यांना खुर्ची दिली तेव्हा ती मुद्दाम आप्पांकडे पाठ करून ठेवली. तरी ते मान वळवत राहिले.

"मला सांगता येत नाही, बाय. मी शपथ घेतलेली आहे."

"कसली?"

"बोललो तर जीभ मुळापासून उपटून, भरती-ओहोटीच्या मधल्या वाळूत पुरावी. स्वतःच्या तोंडाने म्हटलंय. हसू नकोस गौरव. नातवंडांना मी आजही ओहोटीच्या वेळी भाट्याच्या वाळूत उतरू देत नाही."

"त्यांना काय कारण सांगता?" दर्शनाने विचारलं.

"खेकडे चावतात म्हणून."

क्षणभर सगळेच हसले, गौरवही. हसू विरलं तेव्हा खोली आधीपेक्षा लहान वाटली.

"काका," राजश्री त्यांच्यासमोर बसली. "मला तुमची गुपितं नकोत. मला त्यांच्या तोंडात एक वाटी पाणी जायला हवंय. बस्स."

म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग, समोर भिंतीवर कुणीतरी लिहून ठेवलंय आणि आपण ते वाचतोय, अशा सपाट आवाजात बोलू लागला.

"तीन पायऱ्या असतात. पहिली शिकाऊ गड्याची. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, अंगावरचा सगळा धातू काढून घ्यायचा, अगदी अंगठीसुद्धा. डावी छाती उघडी. दार ठोठावायचं, आतून विचारतात कोण, आणि तुझ्या वतीने दुसराच उत्तर देतो. मग तुला ईशान्य कोपऱ्यात उभं करतात. घराचा पहिला दगड तिथे बसतो म्हणून. गंगाराम हसला होता तेव्हा. म्हणाला, आमच्याकडे तिथं देव बसतात."

"आणि दुसरी?"

"कसलेल्या कारागिराची. वळणाचा जिना, वर एक दालन, तिथे मजुरी मिळते. फार जुन्या काळी एवढंच होतं. खरे पाथरवट होते ते, स्कॉटलंडातले. त्यांना दोन पायऱ्या पुरत. मजुरी घ्यायची, घरी जायचं. तिसरी मागून आली, तीनशे वर्षांपूर्वी, ज्यांनी कधी दगड उचलला नाही अशा लोकांनी आणली. कुणी आणली, का आणली, नीट कुणालाच ठाऊक नाही. तिसरीत काही शिकवत नाहीत." त्यांनी मागे आप्पांकडे पाहिलं. "तिसरीत मारतात."

गौरव दाराच्या चौकटीवरून सरळ झाला.

"खोटं खोटं. तीन घाव. मग निजवतात, असंच, पाय पूर्वेला. वर कापड. आणि मग उचलायला येतात. पहिल्याची पकड सुटते. दुसऱ्याचीही सुटते. तिसरा उचलतो. तिसरी पकड ठाऊक असलेल्यानेच उचलायचं असतं. दुसऱ्या कुणी उचललं तर, विधीच्या पुस्तकात असं नाही, पण आमचे जुने लोक म्हणत, माणूस अर्धाच वर येतो."

"म्हणजे आप्पांना वाटतंय..." राजश्रीचं वाक्य पुरं झालं नाही.

"त्यांना वाटत नाहीये. तुम्ही त्यांना खरोखर निजवलंत. ते वाट पाहतायत."

"मग तुम्ही उचला!" शिवा म्हणाला. "तुम्हाला येते ना पकड?"

सदूकाकांनी उजवा हात पुढे केला. बोटं आत वळून मिटलेली होती, वाळलेल्या आंबोशीसारखी. गेल्या वर्षीच्या झटक्यानंतर ती उघडत नव्हती.

आपल्याला भीती वाटायला हवी, असं राजश्रीला वाटलं. वाटला तो केवळ एक जुना, ओळखीचा संताप. या माणसाच्या छातीला तिने कधी डोकं टेकलं नव्हतं. लग्नात निरोप घेतानाही आप्पांनी तिच्या डोक्यावरून दोन बोटं फिरवली होती, चिऱ्याची कड तपासावी तशी.

"आम्ही तिघं आहोत," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने झटकन वर पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"तिसरीत मारतात ती मंदिर बांधणाऱ्या उस्तादाच्या खुनाची नक्कल; ती गोष्ट सगळे सांगतात. तिच्याही आधीची एक आहे. ज्याने जलप्रलयात तारू तारलं, तो म्हातारा मेला आणि त्याच्याबरोबर एक गोष्ट पुरली गेली. काय, ते माहीत नाही. त्याची तीन मुलं थडग्याशी गेली. जाण्याआधी त्यांनी ठरवलं: खरी गोष्ट सापडली नाही, तर जे पहिलं हाताला लागेल तेच खरं मानायचं. त्यांनी बोट धरलं, ते सुटून आलं. मनगट धरलं, सुटलं. कोपर धरला, तोही सुटला. मग त्यांनी बापाला कवटाळून उभं केलं. पावलाला पाऊल, गुडघ्याला गुडघा, छातीला छाती, गालाला गाल, पाठीमागे हात. आमची पकड तिथून आली म्हणतात."

"आणि सापडलं काय त्यांना?" गौरवने विचारलं.

"जे सापडलं त्याला त्यांनी नाव दिलं. एवढंच सांगतात." सदूकाका उठले. "पण तुम्ही तिघं म्हणजे, गौरव आणि शिवा ठीक आहेत. तिसरा मात्र... बाईमाणसाला ह्यात जागा नाही, राजश्री. कधीच नव्हती."

दर्शना इतका वेळ भिंतीला टेकून होती. "काका," ती शांतपणे म्हणाली, "गेली दोन वर्षं त्यांना आंघोळ मी घालतेय. हगलं मुतलं काढतेय. तेव्हा कुणाच्या पुस्तकात बाईला जागा नव्हती, ते कोण येऊन बोललं नाय."

म्हातारा पुन्हा बसला. नंतर फक्त एवढंच म्हणाला, "धातू काढून ठेवा."

राजश्रीने बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्राला हात गेला, थांबला, आणि मग तेही काढून तिने दर्शनाच्या ओंजळीत दिलं. गौरवने घड्याळ काढलं. शिवाच्या बोटातली अंगठी निघेना. साबण लावून ओढून काढावी लागली.

*

हे सगळं थोतांड आहे, हे शिवाला ठाऊक होतं. तरीही त्याला घाम फुटला होता. परवा घोंगडी अंथरताना आपल्या मनात काय होतं, तेही त्याला ठाऊक होतं. दुःख नव्हतं. सुटलो, हा एक शब्द होता, आणि तो उमटला तेव्हा आप्पांची छाती हलत होती की नव्हती, हे त्याने पाहिलं नव्हतं. पाहायचं टाळलं होतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"जे पहिलं हाताला लागेल तेच खरं," राजश्री म्हणाली. "कबूल?"

"कबूल," गौरव म्हणाला.

"शिवा?"

"हो बाबा, कबूल."

ठोके थांबले.

गौरव आधी वाकला. सदूकाकांनी दाखवल्याप्रमाणे त्याने आप्पांच्या तर्जनीचं पेर धरलं आणि ओढलं. सैल कातडी बोटावरून पुढे सरकली आणि त्याची पकड निसटली. तो मागे झाला आणि हात शर्टाला पुसत राहिला, पुसतच राहिला.

मग शिवा. त्याने मनगट धरलं. आयुष्यभर चिरे उचलून त्याच्या हातांना वजनाची भाषा येत होती. खाणीतून निघालेला ओला चिरा, वाळलेला चिरा, आतून पोकळ चिरा, सगळे त्याला डोळे मिटून कळत. हे मनगट त्यातल्या कशासारखंच नव्हतं. ते वजन खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं होतं. त्याने जोर लावला. त्याचाच हात निसटला.

"दोन," सदूकाका पुटपुटले.

राजश्री गुडघ्यांवर बसली. तिने उजव्या हाताने त्यांचा कोपर धरला, डावा हात पाठीमागे घातला. तिचं पाऊल त्यांच्या पावलाला भिडलं. मग ती मागे रेलली आणि आप्पा उठले. जड नाहीत, हलकेही नाहीत. झोपेतून उठवलेलं पोर जसं अंगावर येतं तसे ते तिच्या अंगावर आले. गुडघ्याला गुडघा. छातीला छाती. त्यांची पांढरी खुंटं तिच्या गालाला लागली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. तिने तो लगेच गिळला. ते तिच्या कानाशी काहीतरी बोलले.

"काय बोलले?" गौरव कुजबुजला.

"'घाबरू नकोस,'" राजश्रीने सांगितलं. तिचे डोळे मिटलेले होते. "'तुला वर घेतलंय,' बोलले."

दर्शनाने खुर्ची सरकवली. आप्पांना बसवलं. ते डोळे उघडून एकेकाकडे पाहत होते, नेमकं, हिशेबी, पूर्वी पहिल्या पावसाआधी खाणीवरची माणसं निवडायचे तसं. सदूकाका रडत होते. गौरवने पेला भरला आणि ओठांशी नेला.

दात मिटलेलेच राहिले.

"आप्पा, पाणी," राजश्री म्हणाली. "झालं ना आता. घ्या."

आप्पांनी मान हलवली. मग तीन वर्षांत कुणी ऐकला नव्हता अशा स्वच्छ आवाजात ते बोलले.

"आधी त्याला."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीने घोंगडीकडे खूण केली. "तो अजून खाली आहे."

घोंगडीवर कुणी नव्हतं. लोकरीत माणसाच्या आकाराचा दबलेला ठसा मात्र होता, आणि इतक्या वेळात तो वर यायला हवा होता. डोक्याची जागा. खांद्यांची. उजव्या हाताची, अंगापासून जरा मोकळी.

"सदूकाका?" दर्शनाने विचारलं. "हे कुठल्या पायरीत आहे?"

"कुठल्याच नाही," सदूकाका म्हणाले. "कुठल्याच नाही गो."

राजश्री पुढे झाली, तसा आप्पांनी हात आडवा केला. त्यांची नजर शिवावर येऊन थांबली. त्या नजरेत राग नव्हता. शिवाला राग चालला असता.

"ज्याने ठेवला," आप्पा म्हणाले, "त्याने उचलायचा."

"आप्पा, मी..."

"पाणी नको मला. तो तहानेला असताना नको."

दारात गौरव, भिंतीशी दर्शना, खुर्चीमागे राजश्री. सगळे आपल्याकडे पाहतायत, हे शिवाला जाणवलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांच्यातल्या कुणाच्याही नजरेत आता भांडण नव्हतं. ते फक्त वाट पाहत होते. एवढंच तर करायचंय, त्याने स्वतःला समजावलं. रिकाम्या घोंगडीवर वाकायचं. म्हाताऱ्याची समजूत. एक पेला पाणी.

तो गुडघ्यांवर बसला. त्याने हात त्या ठशावर नेला, कोपर जिथे असावा तिथे, आणि हवेवर बोटं मिटली.

दर्शनाने पाहिलं ते एवढंच: नवऱ्याची मान ताठ झाली. खांद्याचे स्नायू सदऱ्याखाली उठून आले, खाणीत मोठा चिरा पायरीवर चढवताना येतात तसे. त्याने दात खाल्ले, टाच भुईत रोवली आणि मागे रेलत, इंचाइंचाने, धापा टाकत तो उभा राहिला. घोंगडीतला ठसा भरून आला. लोकर सावकाश वर उठली, सपाट झाली.

"हां," आप्पा म्हणाले. "असं."

आणि त्यांनी तोंड उघडलं. गौरवने पेला पुढे केला. राजश्रीने त्याच्या हाताला हात लावला आणि दोघांनी मिळून तो धरला. आप्पा पाणी प्याले. घोटाघोटाने, गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि तो साधासुधा आवाज घरभर ऐकू येत होता. पेला संपला. त्यांनी आणखी मागितलं. दर्शना तांब्या आणायला वळली आणि वळता वळता पदरात तोंड खुपसून रडली. सदूकाकांनी चाचपडत काठी शोधली. बाहेर ओहोटी फिरून भरती लागली होती.

"प्याले," राजश्री म्हणाली. ती हसत होती, गालांवरून पाणी वाहत होतं. "शिवा, प्याले रे ते. बघ ना."

शिवा खोलीच्या मधोमध उभा होता. छाती पुढे, गाल जरासा कलता, उजवा हात कोपरात वाकलेला, डावा कुणाच्या तरी पाठीमागे असावा तसा हवेत. तो हलत नव्हता.

"झालं सगळं," तिने जवळ जाऊन हळूच सांगितलं. "हात खाली घे आता."

"घेतो," शिवा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "त्याने सोडला की घेतो."